कोठीतलं घड्याळ

आईनं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं
तेव्हा मी सहा वर्षांची होते.
ओडिल आदल्याच संध्याकाळी आला होता,
दोरीनं बांधलेली पुठ्ठ्याची पेटी घेऊन.
कागद नर्सबाईच्या हातात,
त्याच्या हातात त्याचीच टोपी,
ओल्या फडक्यासारखी पिळलेली.

रात्रभर तो जिन्यावर बसून होता.
घड्याळ माझं नाव घेतंय, म्हणाला,
आणि नावापुढे काय काय लावतंय.
आई वाद घालत बसली नाही.
खुर्चीवर चढली, खिळा तसाच ठेवला,
घड्याळ गोणपाटात गुंडाळून
बटाट्यांच्या कोठीत नेऊन ठेवलं.
'झालं,' म्हणाली. 'सूप गार होतंय.'

गेल गावात हे नवं नव्हतं.
शेजारच्या स्मेट्सांकडे दोघी होत्या,
बेकरीवाल्याकडे एक जण, फक्त रविवारी बोलणारा.
वेडा म्हणत नसे कुणी,
'आमच्याकडचा' म्हणत,
जसं आमच्याकडचं नासपतीचं झाड.

वेळ आम्ही इतर गोष्टींवरून ओळखायचो:
दुधाच्या बाटल्या वाजल्या की सहा,
कोंबड्या माळ्यावर चढल्या की जेवण.
चर्चची घंटा मात्र त्याला चालायची.
'ती सगळ्यांना बोलावते,' म्हणायचा,
'एकट्या मला नाही.'

पंधराव्या वर्षी मला त्याची लाज वाटली.
अँटवर्पहून मैत्रीण आलेली, रोझान.
हा कोण, तिनं विचारलं.
मी म्हटलं, गडी.
त्यानं ऐकलं.
फावडं घेऊन अंधार पडेपर्यंत
गड्यासारखा राबला,
जेवायलाही आत आला नाही.
हे मी पाद्रीबाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

मग लग्न, मग माझा योरिस.
सहाव्या आठवड्यात मी बाळाकडे बघायचे
आणि वाटायचं, कुणाचं तरी पोर
इथे विसरून राहिलंय.
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्या.
नवरा म्हणाला, झोप. आई म्हणाली, खा.
ओडिल काहीच म्हणाला नाही.
दारापाशी स्टूल ओढून बटाटे सोलत बसला,
रोज, बादलीभर,
एवढे खाणारं घरात कुणी नव्हतं.
नवव्या की दहाव्या दिवशी
मान वर न करता म्हणाला,
'तुझ्यात जे बोलतं, ते नावानं बोलतं का?'
नाही, मी म्हटलं. नावच घेत नाही.
'मग अवघड आहे,' म्हणाला.
'माझं निदान ओळखतं तरी मला.'
मला हसू फुटलं.
हसता हसता दुसरंच काही फुटलं,
ते सुकायला एप्रिल उजाडला.

आईचं वय झालं, तशी नावं गळू लागली,
आधी शेजाऱ्यांची, मग माझं.
त्याचं राहिलं.
रात्री उठून ती जिन्यावर बसायची,
तो तिच्या एक पायरी खाली.
वरून मला दोघांच्या पाठी दिसायच्या,
कोण कुणाला सांभाळतंय
ते पाठींवरून कळत नव्हतं.

आता तो ऐंशीच्या पुढे.
इंजेक्शन द्यायला इकराम येते, सायकलवरून.
फॉर्मवर एक रकाना असतो: रुग्णाशी नातं.
आई तिथे 'घरमालकीण' लिहायची.
मी पेनचं टोपण काढून बसते,
इकराम सावकाश चहा संपवते,
रकाना कोराच परत जातो.

मागच्या मंगळवारी म्हणाला, आण ते.
काय?
कोठीतलं.

गोणपाट हातातच विरलं.
किल्ली दिली, वाटलं नव्हतं चालेल.
त्यानं कान लावला, बराच वेळ.
'म्हातारं झालंय,' म्हणाला,
'नुसतं पुटपुटतंय.'
तुझं नाव?
'असेल.'

खिळा होता अजून. लावू का, विचारलं.
'नको,' म्हणाला. 'पण कोठीत गारठा फार.
राहू दे इथेच,
पावाच्या डब्याशेजारी.'